खिशातला फ्यूज

आधीच सांगून टाकतो — मी भूत, देवचार, करणी, यातलं काहीही मानत नाही. आमच्या घरात ते चालतच नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली त्याच दिवशी घरातले सगळे गंडेदोरे चुलीत घातले, असं बाबा अजून अभिमानानं सांगतात. बाबा शाळामास्तर होते. लहानपणी मी अंधारात जायला घाबरलो की ते म्हणायचे, जा आणि हात लावून ये. मी जायचो, हात लावायचो, तिथं खुंटीला टांगलेला सदरा निघायचा.

धंद्यानं मी ऑटो इलेक्ट्रिशियन. सालेकसा गावात, दरेकसाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं छोटं दुकान आहे. बावीस वर्षं झाली या कामाला. माझ्या धंद्यात चमत्कार नसतो. दिवा लागत नसेल तर वायर तुटली आहे, किंवा अर्थिंगची तार सुटली आहे, किंवा फ्यूज गेला आहे. चौथं कारण नसतं. हे मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की ते मला चिडवतात. आणि तरीही पुढं लिहितोय ते लिहितोय. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचून हसा.

हे काम मी गोंदियात एका उस्तादांकडे शिकलो. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तोंडानं अतिशय फटकळ माणूस, पण हात सोन्याचा. त्यांची एक पद्धत होती, तीच मी आजवर पाळत आलोय. गाडीत नवीन लाइन ओढली की फ्यूज सगळ्यात शेवटी बसवायचा, आणि तो बसवेपर्यंत स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवायचा. टेबलावर नाही, डब्यात नाही, खिशात. मालक सीटवर बसला, इंजिन चालू झालं, की मग त्याच्या डोळ्यांसमोर लावायचा. कारण कधीतरी त्यांच्याच हातून एक वायर पत्र्याला घासली होती आणि उभी गाडी जळाली होती. ते म्हणायचे, "जब तक फ्यूज तेरी जेब में है, गाड़ी का बोझ तेरे सीने पे है. समझा?" मी समजलो असं म्हणायचो. विशीतल्या पोराला काय समजणार!

आता त्या दिवसाचं. गेल्या वर्षीचा श्रावण, भाताच्या रोवण्याचे शेवटचे दिवस. दरेकसाच्या पुढं जंगलात एक टोला आहे — पंचवीसेक घरांची वस्ती. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना उगाच त्रास नको. तिथला रामलालभाऊ माझं जुनं गिऱ्हाईक. त्याच्याकडे एक जुनी फोर-बाय-फोर जीप आहे, कारण टोल्याच्या वाटेवर एक नाला लागतो आणि पावसाळ्यात तिथं दुसरी गाडी जात नाही. रोवण्याच्या दिवसांत तो टोल्यातल्या बाया सकाळी खाली आमच्याकडच्या धानाच्या बांध्यांमध्ये सोडायचा आणि संध्याकाळी परत घेऊन जायचा. जीपचे हेडलाइट म्हणजे नावालाच. त्यानं दोन मोठे गोल दिवे विकत आणले होते, बंपरवर बसवायला.

सकाळी तो बायांना घेऊनच दुकानात आला. त्यांच्यात फुलनबाई म्हणून एक म्हातारी होती. सत्तरीची असेल, पण रोवण्यात पोरींना मागं टाकते असं सगळे म्हणत. ते दिवे बघून तिनं मला विचारलं, "एवढे मोठे डोळे कायले पायजे गाडीले? रामलालले दिसत नाई का?" बाया हसल्या. मीही हसलो. मग रामलालभाऊ त्यांना शेतावर सोडून जीप माझ्याकडे घेऊन आला.

काम सरळ होतं. बॅटरीवरून जाड वायर, मग फ्यूज, मग स्विचवरचा भार उचलणारा रिले, मग दिवे. डॅशबोर्डवर एक स्विच. पण बोनेट उघडून बघतो तर हेडलाइटची जुनी वायरिंग पार कुजलेली. स्विचला हात लावला तर भाजत होतं. म्हटलं, हेडलाइटही रिलेवर घेऊ. आणि इथं मी ती गोष्ट केली जी कुणी शिकाऊनं केली असती तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. दुसरा फ्यूज होल्डर संपला होता. आणायला आमगावला जावं लागलं असतं. मी हेडलाइट आणि नवे दिवे, चारही, एकाच फ्यूजवर घेतले. उद्या वेगळे करू म्हटलं. म्हणजे तो एक फ्यूज नसेल तर गाडीला पुढं एकही दिवा नाही... पूर्ण आंधळी.

बाराच्या सुमारास वायरिंग झालं. फ्यूज — हिरवा, दोन पायांचा, तीस अँपिअरचा, कोरा — रिवाजाप्रमाणे माझ्या खिशात. रामलालभाऊ पानठेल्यावर गप्पा मारत होता. त्याला म्हटलं, जेवून येतो, मग दिवे लावून बघू. घरी गेलो, जेवलो, जरा आडवा झालो. परत आलो तर जीप गायब. पानठेलेवाल्यानं सांगितलं की वर डोंगरात पाऊस जोरात आहे, नाला चढून राहिला असा निरोप आला, म्हणून रामलाल बायांना लवकर काढायला शेतावर गेला. मी चिडलो. न विचारता गाडी नेतो म्हणजे काय! तेवढ्यात एक ट्रॅक्टर आला, त्याचा स्टार्टर खोलायला घेतला आणि फ्यूजचं डोक्यातून निघूनच गेलं.

साडेसहाला हात धुतले आणि खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पुडी काढायला खिशात हात घातला. हातात आला फ्यूज.

लगेच रामलालभाऊला फोन लावला — संपर्काबाहेर. घाटात रेंज नसतेच. म्हणजे तो निघाला होता. बाहेर ढग इतके दाटले होते की आताच अंधारल्यासारखं वाटत होतं. जंगलातला घाट, एका बाजूला दरी, मागं दहा-अकरा बाया, आणि गाडीला दिवा नाही.

त्याच क्षणी मी मोटारसायकलला किक मारली, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी तसं केलं नाही. मी शेजारच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो आणि चहा सांगितला. मनाशी हिशेब जुळवत होतो. लवकर निघाला असेल, पोचलाही असेल. दिवे लागत नाहीत हे कळल्यावर थांबला असेल. आणि त्यानं न विचारता गाडी नेली, चूक त्याची. मी तर माझ्या पद्धतीनं फ्यूज काढून ठेवला होता ना! चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. जितका स्वतःला बरोबर ठरवत होतो तितकं बसवत नव्हतं. एक कप झाला, दुसरा सांगितला.

दुसरा चहा अर्धा झाला आणि गावातली लाइट गेली. एका झटक्यात सगळं काळं. टपरीवाला मेणबत्ती शोधत बडबडत होता आणि मला समोरचा माझा स्वतःचा हात दिसत नव्हता. तेव्हा मला फुलनबाई आठवली. हसली होती ती, दात नसलेल्या तोंडानं. मी कप तसाच ठेवला, दुकानातून पक्कड आणि टेस्टलॅम्प उचलला आणि मोटारसायकल काढली.

दरेकसापर्यंत रस्ता ओला, पण पाऊस थांबला होता. घाट सुरू झाल्यावर पुन्हा झिमझिम लागली. प्रत्येक वळणावर मी आधी दरीकडे बघत होतो. छातीवर डाव्या बाजूला काहीतरी गरम लागत होतं. मला वाटलं भीतीनं होत असेल. छातीत दुखणं असंच सुरू होतं म्हणतात, तोही विचार आला.

घाटाचा चढ जवळजवळ संपत आला तेव्हा पुढं झाडांवर उजेड दिसला. पांढरा, भक्कम उजेड. आणखी एक वळण घेतलं तर समोर जीप, अगदी हळू चाललेली, मागं ताडपत्रीखाली दाटीनं बसलेल्या बाया. मी हॉर्न वाजवत पुढं गेलो. चारही दिवे लागलेले होते.

मला इतका आनंद झाला की आधी काही सुचलंच नाही. रामलालनं कुठून तरी दुसरा फ्यूज मिळवला असेल, किंवा तार जोडली असेल. मी त्याला थांबवलं आणि विचारलं, फ्यूजचं काय केलं? तो म्हणाला, कोनता फ्यूज?

मी बोनेट उघडलं. होल्डरचं झाकण मी दुपारी सोडलं होतं तसंच उघडं लोंबत होतं. आतल्या दोन्ही खाचा रिकाम्या. त्यात पावसाचे दोन थेंब होते. तार नाही, सिगारेटच्या पाकिटातली चांदी नाही, काही नाही. आणि दिवे लागलेले.

टेस्टलॅम्प काढला. होल्डरच्या बॅटरीकडच्या बाजूला लावला — पेटला. दिव्यांकडच्या बाजूला लावला — नाही. म्हणजे दिव्यांना जाणाऱ्या वायरीत करंट नव्हता. मी तीनदा बघितलं. मग पुढं जाऊन नव्या दिव्याच्या काचेला हात लावला. हॅलोजनची काच पाच मिनिटांत अशी तापते की बोट भाजतं. ती गार होती, पावसात राहिलेल्या वाटीसारखी. उजेड मात्र समोरच्या साजाच्या झाडाची साल मोजता येईल इतका.

बाबा सांगायचे तसं मी हात लावला होता, पण या वेळी तिथं सदरा निघाला नाही.

मी स्वतःला म्हटलं, आधी काम नीट कर, मग विचार कर. फ्यूज बसवायला खिशात हात घातला. तो गरम होता. छातीला तोच लागत होता. बोटांत धरून बाहेर काढला, आणि चारही दिवे गेले.

मी अंधारातच चाचपून फ्यूज होल्डरमध्ये बसवला. दाबला. काही नाही. काढला, फुंकला, पुन्हा बसवला. काही नाही. रामलालभाऊला म्हटलं, स्विच मार. त्यानं दोनदा मारला. काही नाही. कोऱ्या फ्यूजवर, माझ्या हातच्या लाइनवर, एक दिवा लागत नव्हता. खाली दरीत पाण्याचा आवाज येत होता आणि जीप चढावर ब्रेकवर उभी होती.

रामलालभाऊ खाली उतरून माझ्या शेजारी आला. त्याला मी काय करतोय ते दिसत नव्हतं, पण तो शांतपणे म्हणाला, "आधी कुठी होता तो?"

मी म्हटलं, खिशात.

"तं तिथंच ठेव."

मी फ्यूज परत खिशात टाकला. दिवे लागले.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. माझी मोटारसायकल त्यानंच ढकलत नेऊन एका मोहाच्या झाडाला टेकवली आणि मला म्हणाला, बस समोर.

तिथून टोला सहा किलोमीटर असेल. पाऊण तास लागला. तो पाऊण तास मी विसरणार नाही. सुरुवातीला खिशात जे नुसतं गरम होतं ते हळूहळू भाजायला लागलं. नवी लाइन, चार दिवे... एवढ्या लोडला फ्यूजची पाती किती तापते ते मला माहीत आहे. ती वायरिंगमध्ये असते तेव्हा. मी खिशाखाली रुमाल सरकवला, तर दिवे मंद झाले. रुमाल काढून घेतला. शर्टाला काही होत नव्हतं, ना डाग ना वास. फक्त मला भाजत होतं. मी दात आवळून बसलो होतो आणि पाऊस असून घामानं भिजलो होतो.

मागून फुलनबाईनं खांद्याला हात लावला. "बाबू, काऊन असा बसला? दुखून राहिलं का?"

मी म्हटलं, नाही आजी.

नाला आला तेव्हा पाणी अर्ध्या चाकाच्या वर होतं. रामलालभाऊनं गिअर टाकला आणि जीप पाण्यात घातली. मधोमध गाडी एका बाजूला सरकली. बाया एकमेकींना धरून बसल्या. नेमकं तेव्हाच छातीवर निखारा ठेवल्यासारखं झालं. हात आपोआप खिशाकडे गेला. काढून फेकून द्यावा, एवढंच डोक्यात होतं. मी तो हात दुसऱ्या हातानं पकडला आणि मांडीखाली दाबून धरला. मनात उस्तादांचं वाक्य येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हतो, कारण ते आलं असतं तर मी ओरडलो असतो. समोर पाण्यावर उजेड पडला होता, पलीकडची वाट दिसत होती, रामलालभाऊनं त्या वाटेवर नजर ठेवून गाडी काढली.

टोल्यात पोचल्यावर बाया एकेक करून उतरल्या. कुणाची पोरं कंदील घेऊन आली होती, कुणाची नुसतीच धावत आली होती. फुलनबाई सगळ्यात शेवटी उतरली. तिचा पाय जमिनीला लागला आणि दिवे गेले. खिशातला फ्यूज त्याच क्षणी गार पडला.

मी एका कंदिलाच्या उजेडात बोनेट उघडलं आणि फ्यूज होल्डरमध्ये बसवला. या वेळी स्विच मारल्याबरोबर चारही दिवे लागले. पाच मिनिटांनी काचेला हात लावला, बोट भाजलं. मला रडू आलं. एवढ्या लोकांसमोर आलं, आवरलं नाही.

रात्री रामलालभाऊकडेच राहिलो. भात-भाजी खाल्ली. शर्ट काढला तर डाव्या छातीवर नखाएवढा लाल चट्टा, आणि त्याखाली दोन बारीक रेघा. फ्यूजचे दोन पाय.

सकाळी आम्ही मोटारसायकल घ्यायला निघालो. ती घेतल्यावरही रामलालभाऊ मला म्हणाला की तू माझ्या मागं ये, तुले काही दाखवाचं आहे. घाटात खाली एका वळणावर त्यानं जीप थांबवली. रस्त्याच्या कडेला चिखलात चाकाचा खोल चर होता. चराच्या पुढं वीतभर माती, आणि मग दरी.

तिथं उभं राहून मी आधी माझं सांगून टाकलं. चारही दिवे एका फ्यूजवर घेतले होते ते, आणि फ्यूज सापडल्यावर चहा पीत बसलो होतो तेही. त्यानं ऐकून घेतलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मग तो म्हणाला, "काल दिवे पयल्यापासून नोयतेच. शेतावरच उशीर झाला. उजेड होता तोवर आलो, मंग टॉर्च धरून. इथं टॉर्च विझली. मागचं चाक खाली गेलं. बायांले उतरा म्हनाची हिंमत नाई झाली, कोन्या बाजूले उतरतीन समजत नोयतं. तसाच ब्रेक दाबून बसलो."

किती वेळ, मी विचारलं.

"लय वेळ. म्हातारी देवाचं नाव घेऊन रायली होती. इथून खाली सालेकस्याचे दिवे दिसतात ना, मी त्याईकडेच पाहून रायलो होतो. एकदम ते सारे गेले. अन् ते गेले तसे माझे लागले."

मी त्या वळणावरून खाली बघितलं. लांब, भातखाचरांच्या पलीकडे आमचं गाव दिसत होतं.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. चट्टा दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो नीट बघितला. मग म्हणाले की उत्तर नसेल तर माहीत नाही म्हणावं, त्यात कमीपणा नाही, पण वाट्टेल ते उत्तर चिकटवू नये. म्हणून मी चिकटवत नाही. उस्ताद आले, कुणी देव धावला, असलं मी म्हणणार नाही. गोंदियातल्या दोन जाणत्या मिस्त्र्यांना विचारलं. एक म्हणाला, ओलाव्यानं करंट पास झाला असेल. मी म्हटलं, मग टेस्टलॅम्प का नाही पेटला? तो हसला आणि त्यानं विषय बदलला.

रामलालभाऊची जीप आता नीट आहे. चार दिवे, दोन फ्यूज, वेगवेगळे. चट्टाही गेला. मला दिवे कसे लागले याचं कोडं आहेच, पण रात्री झोप उडते ती त्यानं नाही. फ्यूज दुपारी बारापासून माझ्या खिशात होता. त्या वळणावर रामलालभाऊ ब्रेक दाबून बसला होता तेव्हाही तो तिथंच होता, छातीला लागून. मला त्या बाया आठवेपर्यंत वर एकही दिवा लागला नव्हता. मी दुसरा चहा सांगितला तेव्हा तो गार होता.